पाण्याच्या अलीकडची शीव

संपत, तुला खांद्यावर घेऊन माणसं नाल्यापाशी आली तेव्हा पोलीस पाटलाने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, याले जिल्ह्यात आनता येते काय? हुकूम तं अजून चार महिने हाये." चौथीच्या वर्गाला शिकवतो म्हणून गावात कायद्याचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. मी म्हणालो, "हुकूम जित्या माणसावर असते पाटील, मयतावर नाही." पाटलाने मान डोलावली आणि तिरडीला वाट करून दिली. तू हे ऐकलं असतंस तर आधी पोट धरून हसला असतास. मग म्हणाला असतास, "पाह्य बे मास्तर, घरी यासाठी मले मरा लागलं." मला मात्र हसू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा रडूही आलं नाही. रडणाऱ्यांची गर्दी होती. मी मागे चालत होतो आणि चपलेत गेलेला खडा काढावा की नाही याचा विचार करत होतो.

तुझ्याबद्दल सभेत बोलायला लावलं तर मी काय बोलेन ते मला पाठ आहे. अमुक साली जन्म, तमुक साली धम्मदीक्षा, समाजासाठी झिजला. ते दुसरे कोणीतरी बोलतील. मला तुझ्याशी बोलायचं आहे ते एका सहीबद्दल. दोन वर्षांसाठी तडीपार केलेला तू, बुलढाणा जिल्ह्यात परत पाऊल ठेवलंस म्हणून सापडलास, मेहकरच्या कोर्टात सहा महिने कैद आणि वर दंड अशी शिक्षा झाली, तू वर अपील केलंस, आणि अपील चालू असतानाच पलीकडे अकोला जिल्ह्यात, बहिणीच्या घरी, चार दिवसांच्या तापात गेलास. या सगळ्या प्रकरणाला ज्या पंचनाम्याचा आधार आहे, त्यावर खाली माझी सही आहे. आपण दोघं लहानपणापासूनचे सोबती. पण त्या सहीबद्दल आपण एकदाही बोललो नाही.

शिवेची ग्वाही द्यायचं काम तुझ्या घराण्याकडे पिढ्यांपासून. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांचं भांडण जुंपलं की तुझा आजा डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचा आणि चालायला लागायचा. तो जिथून चालला ती शीव. त्यावर तहसीलदारसुद्धा बोलत नसे. बौद्ध झाल्यावर तुम्ही गावकीची सगळी कामं टाकली, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, आणि त्यात तू सगळ्यांच्या पुढे. डोक्यावर माती घेणंही तू सोडलंस. म्हणालास, "तोंडानं सांगीन, बोटानं दाखवीन. डोक्यावर नाही घेणार." लोक रागावले, पण धुऱ्यासाठी तुझ्याकडेच येत राहिले, कारण बाकी कोणाचं बोट मानायला दुसरा तयार नसे.

आमच्याही धुऱ्यावर तू बोट दाखवलं होतंस. विसरला नसशील. विहिरीच्या बाजूची वांग्यांची दोन सरं आमची की शेजाऱ्याची, असा वाद होता. बाबांना वाटलं, संपत आपल्या पोराचा सोबती, आपलंच सांगेल. तू सगळं शेत फिरलास, पायाने दोन ठिकाणी माती उकरलीस, खालचा दगड दाखवलास आणि म्हणालास, "काका, सरं त्यायचे हाये." बाबा तुझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तू आमच्या ओट्यावर येऊन बसलास आणि आईला म्हणालास, "काकू, भाकर असन तं दे." आईने दिली. वेगळ्या ताटलीत दिली, हेही लिहिलं पाहिजे. तू ती खाल्लीस, ताटली स्वतः घासलीस आणि जाता जाता मला म्हणालास, "खोटं सांगतलं असतं तं तुह्या बापानं जन्मभर माह्यावर भरवसा ठेवला नसता." मला तेव्हा तुझा फार राग आला होता. असा खरेपणा शेजाऱ्याच्या घरी असावा, मित्राच्या अंगी नसावा, असं मला वाटायचं.

तुला तडीपार केलं ती नोटीस मीच तुला वाचून दाखवली. मुंबईचा हा पोलीस कायदा आपल्या वऱ्हाडात तेव्हा नवाच आलेला. त्यात लिहिलं होतं की तुझ्या दहशतीमुळे साक्षीदार पुढे यायला भितात. तू म्हणालास, "माह्या दहशतीनं? घरातली मांजरबी भेत नाही मले." ढोरं ओढायचं बंद केल्याचा राग कोणाकोणाला होता ते गावाला ठाऊक होतं. नोटिशीत त्यातलं अक्षर नव्हतं. तू वळकटी उचललीस आणि नाला ओलांडून बहिणीकडे गेलास. आपल्या गावाचं टोक म्हणजे जिल्ह्याचं टोक, त्यामुळे तुझी हद्दपारी दीड कोसाची होती. घरच्या धुराड्यातून धूर निघाला की तुला तिथून दिसायचा.

मग सुरू झाल्या नाल्यावरच्या भेटी. तुझ्या घरून चंद्रभागावहिनी भाकर घेऊन यायच्या, कधी मी यायचो, आणि धुऱ्याची भांडणं घेऊन लोकही यायचे. तू पाण्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला येऊन बाभळीखाली बसायचास. मी पहिल्याच दिवशी तुला म्हणालो, "संपत, पलीकडं बस. पाणी ओलांडलं की बुलढाणा लागते."

"पाणी ओलांडलं की?" तू म्हणालास. "मागच्या पुरानं पाणी सरकलं मास्तर, शीव नाही सरकली. जुना नाला तिकडं व्हता, तुह्या पाठीमागं. मी अकोल्यातच बसून हावो."

मी वर्गातल्या नकाशाचा दाखला दिला. नकाशात हद्दीची रेघ नाल्यावरून जाते. मी ती रेघ दरवर्षी पोरांकडून काढून घेतो. तू म्हणालास, "नकाशावाल्याले पूर दिसला व्हता काय?" मी म्हणालो, सरकारी नकाशा आहे. तू म्हणालास, दगड त्याच्या आधीचे हाये. हा वाद आपण किमान वीस वेळा घातला असेल. मी एकदाही उठून चाळीस पावलं मागे जाऊन ते दगड पाहिले नाहीत. नकाशा भिंतीवर असताना गवतात कोण जातं? मास्तरकीचा हा एक रोग आहे, आणि माझा जुना झालेला होता.

तुला पकडलं त्या दिवशी मी शाळेत होतो. बाभळीखाली बसून तू दोन भावांना काडीने जमिनीवर धुरा काढून दाखवत होतास, तेवढ्यात शिपाई आले. तू त्यांना म्हणालास, "मी अकोल्यात उभा हावो." ते हसले. दुपारी चावडीवरून मला बोलावणं आलं. पंचनामा तयार होता, चहाही तयार होता. "आरोपी नाल्याच्या अलीकडे, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत मिळून आला," असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. जमादार म्हणाले, "मास्तर, तुमची सही पाहिजे, शिकलेला पंच बरा पडतो." मी विचारलं, "जागेवर जायचं नाही काय?" ते म्हणाले, "जागा काय पळून चालली?" मी चहा घेतला आणि सही केली. पंचनामा चावडीवर लिहायचा आणि पंचांनी बसल्या जागी सही ठोकायची, ही आपल्याकडची रीतच. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मनाशी म्हटलं, नकाशाप्रमाणे तर खरंच आहे.

मेहकरच्या कोर्टात तुझ्या वकिलाने मला विचारलं, "तुम्ही स्वतः त्या जागेवर गेला होतात का?" नाही म्हणालो असतो तर पंचनामा तिथेच पडला असता. पण जागेवर न जाता पंचनाम्यावर सही केली म्हणून माझी नोकरी गेली असती, आणि घरात पाच खाणारी तोंडं. मी म्हणालो, "हो, गेलो होतो." तू पिंजऱ्यात उभा होतास. माझ्याकडे पाहत नव्हतास, बाहेरच्या लिंबाकडे पाहत होतास. मला त्यात बरं वाटलं. आता वाटतं, तू मला सोय करून देत होतास.

जामीन मिळेपर्यंत अकरा दिवस तू आत काढलेस. मग अपील. वकिलाने तुला सोपी वाट सांगितली होती. वरच्या कोर्टात म्हणायचं, पुराने नाला बदलला, हद्द कुठे ते समजलं नाही, अडाणी माणूस आहे, चूक झाली. शिक्षा अकरा दिवसांवर येईल, घरी जाशील. तू नाही म्हणालास. वकील नंतर मला बसस्टँडवर भेटले, वैतागले होते. म्हणाले, "तुमचा माणूस म्हणतो, आख्ख्या तालुक्याला मी धुरा दाखवतो आणि मलाच शीव समजली नाही असं सांगू? मग उद्या माझं बोट कोण मानेल?" वकील म्हणाले, "मास्तर, तुम्ही समजवा." मी म्हणालो, पाहतो. त्यांना हे माहीत नव्हतं की तुला समजावण्यापेक्षा मी माझं तोंड उघडलं असतं तर काम लवकर झालं असतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बस पकडली.

त्यानंतरच्या भेटींत आपण पावसावर बोललो, पोरांच्या शाळेवर बोललो, तुझ्या बहिणीच्या म्हशीवर तर फारच बोललो. तू आता पाण्याच्या पलीकडे बसायचास, जामिनाची अट म्हणून. मधल्या पाण्यावरून ओरडून बोलावं लागायचं. तू विचारशील म्हणून मी वाट पाहत होतो. तू एकदा विचारलं असतंस, "मास्तर, खरं सांगशील काय?" तर मी सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत काढली होती. सांगितलं असतं का, कोण जाणे. पण मला तुझा राग यायचा की हा विचारत का नाही. उपकार मागायलाही येऊ नये, एवढा कसला ताठा! हा वाद आपला राहिलाच. तू काय उत्तर दिलं असतंस तेही मला माहीत आहे. "तुले मालूम नव्हतं काय, मी काऊन विचारू?"

आता गेल्या आठवड्याचं. तिरडी पाण्यातून अलीकडे आली. आपल्याकडे मयत गावाच्या शिवेवर आलं की खांदा बदलतात, हे तुला मी काय सांगणार? पाणी ओलांडलं तेव्हा मी खांदा द्यायला पुढे झालो. पण कोणी थांबलं नाही. पुढे तुझा चुलतभाऊ हरिभाऊ होता, त्याच्या डोळ्यांना धार लागलेली, तो काही विचार करून चालत नव्हता. बाभूळ मागे पडली. आणखी तीस-चाळीस पावलं गेली. मग गवतात अर्ध्या बुडालेल्या दोन दगडांपाशी हरिभाऊ थांबला आणि म्हणाला, "शीव आली. खांदा बदला." चौघेही बदलले. कोणी विचारलं नाही, कोणी नाल्याकडे वळून पाहिलं नाही. म्हाताऱ्या बायाही त्या दगडांपाशीच थांबल्या.

मी मागे वळलो. बाभूळ दगडांच्या पलीकडे होती. तू जिथे पकडला गेलास ती जागा अकोला जिल्ह्यात होती, आणि हे मी सोडून सगळ्या गावाच्या पायांना ठाऊक होतं. तोवर माझी सही न पाहता केलेली होती, पण खोटी आहे असं मी मानलं नव्हतं. त्या दगडांपाशी ती खोटी झाली. संपत, मला रडू आलं ते तिथे. लोकांना वाटलं, मित्रासाठी रडतोय. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकला, त्याचं त्या माणसाला नवल वाटलं असेल.

तिसऱ्या दिवशी मेहकरला गेलो. वकील म्हणाले, कैदेविरुद्धचं अपील माणसाबरोबर संपतं, पण दंडाविरुद्धचं संपत नाही, कारण दंड घरादारातून वसूल होतो. घरच्यांना ते पुढे चालवता येतं. नाही चालवलं तर दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. मला एकदम हलकं वाटलं. दंड काही मोठा नव्हता. मीच भरून टाकतो, वहिनींच्या डोक्याचा ताप जाईल आणि माझ्याही मनाचं ओझं उतरेल, असं ठरवून मी संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. तुला माझा स्वभाव ठाऊकच आहे. पळवाट दिसली की मला ती पुण्याईच वाटते.

वहिनी दाराशी तूर पाखडत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"दंड भरला म्हंजे काय व्हईन गुरुजी?"

"प्रकरण मिटीन."

"म्हंजे ते शिवेच्या अंदर होते, असंच राहीन ना कागदावर?"

मी मान डोलावली.

"मंग पैसे नका देऊ," त्या म्हणाल्या. "तुमची सही वापस घ्या."

मी विचारलं, "वहिनी, त्याले मालूम होतं?"

"हाव. तुमी त्या दिवशी शाळंतून चावडीवर गेल्ते अन् चावडीवरून शाळंत. नाल्यावर कोण आलं अन् कोण नाही, ते त्यायनं पाह्यलं नाही काय? तिथंच तं धरलं त्यायले."

"मग मले बोलला काऊन नाही?"

तेव्हा मात्र त्यांनी सूप ठेवलं. "मी रोज म्हणो, जाऊन भांडा त्या मास्तरशी. ते म्हणत, मास्तर येईन. जरासा भेकड हाये, म्हणून येळ लागन. पण येईन."

संपत, एवढा विश्वास कोणी माझ्यावर टाकावा असं मी आयुष्यात काही केलेलं नाही. रागावला असतास तर मला सोसलं असतं. चारचौघांत तोंडावर थुंकला असतास तरी मी दोन दिवसांत सावरलो असतो. तू माझी वाट पाहत बसलास, ओल्या जमिनीवर, तापाच्या दिवसांत. मी पाण्याच्या या बाजूला उभा राहून तुझ्या बहिणीच्या म्हशीला किती दूध आहे ते विचारत होतो.

काल शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि मेहकरला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. पंचनामा चावडीवर लिहिलेला होता, मी जागेवर गेलो नव्हतो, कोर्टात खोटं बोललो, हद्दीचे दगड अमुक ठिकाणी आहेत आणि आरोपी त्यांच्या पलीकडे होता. वकिलांनी लिहून झाल्यावर चष्मा काढला. म्हणाले, "नोकरी जाईल मास्तर. तुमच्यावर खटलाही होऊ शकतो. वरातीमागून घोडं नेण्यात काय हशील?" घरी बायकोने हेच जास्त कडक शब्दांत सांगितलं होतं. ती दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं चुकत नाही. मी सही केली. साधी, नेहमीची सही आली.

मग मी वकिलांना विचारलं, "आता निकालात येईल ना, की संपत निर्दोष होता म्हणून?"

ते म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं. कैदेचा भाग संपला. त्यावर कोर्ट आता चूक म्हणणार नाही की बरोबर म्हणणार नाही. तुमचं म्हणणं मान्य झालं तर निकाल दंडापुरता लागेल."

"आणि मी दोन महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

ते कागद गोळा करायला लागले. म्हणून मीच तुला सांगतो, कारण हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं. मी वेळेवर आलो असतो तर तू निर्दोष सुटला असतास. आता फार तर तुझा दंड सुटेल.